ओळंबा आणि चिंबोराझो

गवंड्याचा ओळंबा सरळ खाली लोंबतो, असे आपण वर्गात सांगतो. शेजारी अजस्र डोंगर असेल तर? १७३८ साली अँडीज पर्वतरांगेतील ६२६३ मीटर उंचीच्या चिंबोराझो शिखराच्या उतारावर, थंडीवाऱ्यात, बूगेर आणि ला कोंदामिन यांनी ताऱ्यांच्या वेधांवरून हे तपासले. डोंगर पृथ्वीइतकाच घन मानला तर ओळंबा त्याच्याकडे दीड मिनिटाहून अधिक झुकायला हवा होता. झुकला सुमारे ८ सेकंद! (मिनिटे-सेकंद कोनाची, घड्याळाची नव्हेत.) डोंगर आतून पोकळ तर नाही, अशी शंका बूगेरला आली. हा अडचणीचा आकडा त्याने दडवला नाही, याचे आम्हाला विशेष वाटते. पुढे हिमालयाची ओढही अपेक्षेहून कमीच भरली. तेव्हा १८५५ मध्ये एअरीने सुचवले, की पर्वतांची हलक्या खडकांची मुळे खालच्या जड थरात खोल बुडालेली असतात, पाण्यातल्या ओंडक्यासारखी.