तुंब्यापासून बेअरिंगपर्यंत : बीडच्या ऊसगाडीच्या चाकाचा इतिहास

१/ दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील धारूर, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. या स्थलांतराचा इतिहास बहुधा उचल, मुकादम आणि कोयता या तीन शब्दांत सांगितला जातो. त्यात चौथा शब्द जोडावा लागतो : बेअरिंग.

२/ जुन्या बैलगाडीचे चाक प्रायः बाभळीचे असे. मधोमध तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांवर पाटे आणि पाट्यांभोवती लोखंडी धाव. धाव लाल होईपर्यंत तापवून चाकावर चढवीत व लगेच पाणी ओतीत. थंड होताना ती आकसून सारे लाकूड आवळून धरी. तुंब्यातील लोखंडी नळी आसाभोवती फिरे. दोहोंमध्ये आधार एकच, वंगणाचा.

३/ असे चाक बिघडे तेही हळूहळू. आधी कुरकुर, मग डळमळ. दुरुस्तीसाठी गावातले सुतार व लोहार पुरेसे असत. त्यांचा मोबदला सुगीच्या वेळी बलुत्याच्या रूपाने धान्यात मिळे. चाकाचे लाकूड, लोखंड, कसब आणि मजुरी या चारही गोष्टी पंचक्रोशीतच उपलब्ध होत्या.

४/ हे चाकही अनादि काळापासून तसेच नव्हते. १८३० च्या दशकात दख्खनच्या इंग्रजी मुलखात भरीव, अवजड चाकांच्या गाड्या ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागत. तेव्हा लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने सोलापूर भागातील टेंभुर्णी येथे हलक्या, सुधारित गाड्या बनू लागल्या. शेजारचे बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते.

५/ बेअरिंग ही मोटारीची देणगी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिचा जन्म घोडागाडीसाठी झाला. १७९४ मध्ये वेल्समधील फिलिप व्हॉन याने गाडीच्या आसाभोवती गोळ्या बसवण्याचे पेटंट घेतले. १८९८ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील घोडागाड्यांचे कारखानदार हेन्री टिमकेन यांनी निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट मिळवले. निमुळता रोलर वरून येणारे ओझे पेलतोच, शिवाय वळणावरचा आडवा रेटाही सोसतो. मोटारीने ही युक्ती नंतर उचलली.

६/ इकडे अहमदनगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले. त्यापाठोपाठ कारखान्यांची संख्या वाढत गेली. उसाला पाणी हवे तसे हातही हवेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झालेल्या बीडमधील बालाघाटाच्या हलक्या, कोरडवाहू जमिनी वर्षभर पोट भरू शकत नव्हत्या. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट अधिकच रुंद केली.

७/ पुढे कारखान्यांनी कामगारांना टायरगाड्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. लोखंडी सांगाडा, रबरी टायर आणि चाकात बेअरिंग. रुंद टायर मऊ रानात कमी रुततो. बेअरिंगमुळे थांबलेली गाडी हलवताना बसणारा पहिला हिसका सौम्य होतो. लाकडी चाकाच्या गाडीत साधारण एक-दीड टन ऊस मावे, टायरगाडीत दोन-तीन टन जाऊ लागला.

८/ बेअरिंगचे शत्रू दोन : चिखलपाणी आणि अतिभार. ऑइल सील फाटले की माती आत शिरते, ग्रीस खराब होते, रोलरवर ओरखडे उठतात. चाकातून घरघर येते, तुंबा हाताला चटका देतो, टायर धरून हलवला तर चाक लटपटते. ‘बेअरिंग गेली’ हे निदान गाडीवान कानानेच करतो.

९/ ती बदलण्याची रीत मोटारीसारखीच आहे. बैल सोडून, दुसऱ्या चाकाला उटी लावून आस जॅकवर उचलायचा. टोपण व कॉटर पिन काढून नट सोडायचा आणि चाक ओढून घ्यायचे. आतली जुनी कडीसुद्धा ठोकून काढायची. नुसते रोलर बदलले तर नवी बेअरिंगही लवकर जाते. सारे भाग रॉकेलने धुऊन, नव्या रोलरांत तळहाताने ग्रीस दाबून भरायचे. नट आधी घट्ट करून मग किंचित सैल करायचा; चाक मोकळे फिरावे, पण लटपटू नये. शेवटी नवी कॉटर पिन.

१०/ येथे इतिहासाचा सांधा बदलतो. कठीण केलेल्या पोलादाची ही काटेकोर वस्तू गावच्या भात्यावर घडत नाही. १९६० च्या दशकात पुण्याजवळ चिंचवडला स्वीडनच्या एसकेएफ कंपनीच्या सहभागाने बेअरिंगचा कारखाना निघाला, तेव्हा हे कौशल्य महाराष्ट्रात आले. परंतु गावात आले नाही. लाकडी चाक दुरुस्त होई, बेअरिंग विकतच आणावी लागते. धान्यात चुकणारा खर्च रोख झाला. सुताराचे आणि लोहाराचे काम घटले. पाना मात्र गाडीवानाच्या हाती आला.

११/ मजुरी टनावर मिळते. त्यामुळे गाडी फडात अडकून पडली तर नवरा-बायकोच्या ‘कोयत्या’ची त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणूनच रात्री कोपीसमोर बॅटरीच्या उजेडात हे काम उरकले जाते आणि पहाटे गाडी पुन्हा फडात उभी राहते.

१२/ घर्षण कमी करणारे हे यंत्र बैलांचे श्रम हलके करील, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात चाक हलके झाले तसा गाडीतला ऊस वाढला आणि वाचलेले बळ पुन्हा ओझ्यातच खर्ची पडले. बैलांच्या मानेवरचे जू तेवढेच जड राहिले. या सुधारणेचा लाभ कारखान्याच्या वजनकाट्यावर दिसतो. तिची किंमत बैल आणि गाडीवान मोजतात.