ट्युलिप रंगभंग व्हायरस

ट्युलिप रंगभंग व्हायरस : ट्युलिपच्या एकरंगी फुलांवर पांढरे वा पिवळे पट्टे, रेषा आणि ज्वालेसारखे फराटे उमटविणारा वनस्पतिरोगकारक व्हायरस. पोटीव्हिरिडी कुलातील पोटीव्हायरस या प्रजातीत त्याचा समावेश करतात. बटाट्यावरील वाय व्हायरसावरून या प्रजातीला नाव पडले असून पपईवरील वलयी ठिपक्यांच्या रोगाचा व्हायरसही तिच्यातच मोडतो. रंगभंग व्हायरसाची बाधा मुख्यतः ट्युलिप व लिली यांना होते. ज्या रोगाने वनस्पती क्षीण होते त्याचीच खूण सौंदर्य म्हणून नावाजली जावी व तिला सर्वाधिक मोल यावे, असे उदाहरण वनस्पतींच्या इतिहासात क्वचितच आढळते.

इतिहास : ट्युलिपच्या बहुसंख्य जातींचे मूलस्थान मध्य आशिया व त्यालगतचा प्रदेश होय. ऑटोमन तुर्कांच्या बागांतून हे फूलझाड सोळाव्या शतकाच्या मध्यास युरोपात पोहोचले. स्विस निसर्गवैज्ञानिक कॉनराट गेस्नर यांनी १५५९ मध्ये आउग्सबुर्ग येथील एका बागेत ते पाहिले व पुढे त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. फ्लेमिश वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलुस क्लूसियस यांनी १५७६ मध्ये ट्युलिपच्या रंगातील या बदलाची नोंद केली. वनस्पतींतील व्हायरसजन्य रोगांच्या जुन्यात जुन्या लेखी नोंदींत तिची गणना होते. रंग फुटलेली झाडे पुढे दुर्बल होत जातात, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. १५९३ मध्ये ते लायडन येथे गेले आणि त्यांच्या तेथील वास्तव्यामुळे नेदर्लंड्समध्ये ट्युलिपच्या लागवडीस चालना मिळाली.

सतराव्या शतकातील डच शौकिनांनी रंग फुटलेल्या फुलांचे वर्ग पाडले. पांढऱ्यावर तांबडे वा गुलाबी पट्टे असलेल्या फुलांना ‘रोझेन’, पांढऱ्यावर जांभळे पट्टे असलेल्यांना ‘व्हायोलेटेन’ आणि पिवळ्यावर तांबडे वा तपकिरी पट्टे असलेल्यांना ‘बिझार्डेन’ म्हणत. पांढऱ्यावर तांबडे पट्टे असलेले ‘सेंपर ऑगस्टस’ हे फूल सर्वांत विख्यात होते. हा बदल घडवून आणण्यासाठी बागाईतदार नाना उपाय करीत : वाफ्यात रंगीत भुकट्या घालणे, खत व माती बदलणे, दोन रंगांच्या कंदांचे अर्धे भाग एकत्र बांधणे इत्यादी. यांपैकी शेवटच्या उपायाने क्वचित यश येणे शक्य होते. कारण अर्धा कंद रोगट असल्यास व्हायरस दुसऱ्या भागात शिरे. मात्र हे कारण त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते.

रंगभंगाची अनिश्चितता व रोगट कंदांची मंद वाढ यांमुळे अशी फुले दुर्मिळच राहिली. साहजिकच १६३४–३७ या काळातील ‘ट्युलिप उन्मादा’त त्यांना सर्वाधिक भाव आला. कंद जमिनीत असतानाच ते पुढील हंगामात देण्याच्या कराराने त्यांची खरेदी-विक्री होई. ५ फेब्रुवारी १६३७ रोजी आल्कमार येथे एका दिवंगत खानावळवाल्याच्या अनाथ मुलांसाठी त्याच्या कंदांचा लिलाव झाला, त्यात सु. ९०,००० गिल्डर जमले. त्या वेळी कुशल कारागिराची वार्षिक मिळकत सु. ३०० गिल्डर असे. त्याच आठवड्यात हार्लेममध्ये गिऱ्हाइके मिळेनाशी होऊन बाजार कोसळला. या घटनेने सारा देश देशोधडीस लागला, हा चार्ल्स मकाय यांच्या १८४१ मधील ग्रंथाने रूढ केलेला समज मात्र अतिशयोक्त आहे. अ‍ॅन गोल्डगार यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नुकसानीची झळ मुख्यतः मर्यादित व्यापारी वर्गालाच लागली.

कारणाचा शोध : तंबाखूवरील केवडा रोगाच्या अभ्यासातून १८९२–९८ या काळात व्हायरसाची कल्पना पुढे आली, तरी ट्युलिपचे कोडे त्यानंतर तीस वर्षे सुटले नाही. इंग्लंडमधील जॉन इन्स उद्यानविद्या संस्थेतील डॉरोथी केली यांनी रंग फुटलेल्या कंदाचा भाग निरोगी कंदाला जोडून हा बदल संक्रामक असल्याचे सिद्ध केले (१९२८). त्यानंतर काही वर्षांतच त्याच संस्थेत मॅकेनी ह्यूझ यांनी मावा हा त्याचा वाहक असल्याचे दाखविले.

स्वरूप व लक्षणे : व्हायरसाचे कण लवचिक व दोऱ्यासारखे असून त्यांची लांबी सु. ७५० नॅनोमीटर व जाडी सु. १२ नॅनोमीटर असते. त्यात एकपदरी आरएनए असते. ट्युलिपच्या पाकळीचा मूळ रंग पांढरा वा पिवळा असून तांबडा अथवा जांभळा रंग तिच्या बाह्यत्वचेतील अँथोसायनीन या रंगद्रव्यामुळे येतो. व्हायरसामुळे काही भागांत हे द्रव्य तयार होत नाही व तेथे मूळ रंग उघडा पडतो. अन्यत्र ते अधिक साचून रंग गडद होतो. शुद्ध पांढऱ्या वा पिवळ्या फुलांत झाकणारा रंगच नसल्यामुळे बाधा झाली तरी ती फुलावर दिसत नाही, म्हणून अशी झाडे रोगाचा छुपा साठा ठरतात. पानांवर फिकट ठिपके वा रेषा येतात, कंद दरवर्षी लहान होतो आणि उपकंदांची संख्या घटते.

प्रसार व नियंत्रण : मावा रोगट झाडाचा रस शोषताना काही सेकंदांतच व्हायरस उचलतो व तितक्याच त्वरेने निरोगी झाडात सोडतो. त्यामुळे कीटकनाशकाने मावा मरण्यापूर्वीच रोग पसरलेला असतो. बीजाद्वारे व्हायरसाचा प्रसार होत नाही, उपकंदांतून मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. म्हणूनच नावाजलेले फूल कंदापासून टिकवावे लागे व तसे टिकविताना त्याचा रोगही टिकविला जाई. ‘सेंपर ऑगस्टस’ याच क्रमाने नामशेष झाले. रोगट झाडे वेळीच उपटणे, खनिज तेल फवारणे, प्रयोगशाळेत कंद तपासणे व ट्युलिपजवळ लिलीची लागवड टाळणे हे प्रमुख उपाय होत. आज ‘रेम्ब्रँट’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पट्टेदार ट्युलिपांतील रंगभेद आनुवंशिक असतो. व्हायरसयुक्त जुने प्रकार नेदर्लंड्समधील लिमन येथील ‘हॉर्टस बल्बोरम’ या संग्रहात, तसेच १८३६ मध्ये स्थापन झालेल्या इंग्लंडमधील वेकफील्ड येथील ट्युलिप संस्थेच्या सभासदांकडे जतन केलेले आहेत.