पूर्णाकाठचं घर



आपली दिंडी पहिल्यांदा ज्या ओसरीवरून निघाली, ते आमच्या आजोबांचं घर आता उभं नाही. पूर्णेच्या दरडीवर नुसतं मातीचं टेकाड राहिलं, त्यावर येड्या बाभळी. शंभर वर्षं झाली, म्हणून त्या घराचं लिहितो.

घर धाब्याचं. समोर ढेलज, मग ओसरी, आत माजघर, मागं गुरांचा कोठा अन् तिथून सरळ नदीची वाट. आपला मुलूख खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ त्यात शिजत नाही. म्हणून प्यायला नदीतल्या झिऱ्याचं पाणी. आजी पहाटे दोन घागरी आणायची, एक घरात, एक ओसरीवर वाटसरासाठी. वीणा खुंटीवर, टाळ कोनाड्यात, एकादशीचं भजन तिथंच. पूर्णा पुढं चांगदेवाजवळ तापीला मिळते, मुक्ताईच्या मुलखात. "आपल्या दारचं पाणी मुक्ताईच्या पायाले लागते," असं आजी म्हणायची.

हे घर पुरात गेलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकलं. कीर्तनातही कितीदा सांगितलं. ते खरं नाही. आजी शेवटच्या वर्षी आमच्यावर चिडली. "पूर्णामायले काहून बदनाम करता रे? घर पाण्यात नाही गेलं, तेरवीत गेलं."

पणजोबांच्या तेरवीला पाच गावांना चूलबंद आवतण होतं. पैसा सावकाराचा, घर गहाण. पुढं कपाशीनं दोन वर्षं दगा दिला अन् व्याज मुद्दलाच्या वर गेलं. आजोबांनी कागदावर अंगठा दिला. त्यानंतरही काही वर्षं ते त्याच घरात भाड्यानं राहिले. दिंडी तिथूनच निघत राहिली, अन् घर आपलं नाही हे वारकऱ्यांपैकी कोणाला ठाऊक नव्हतं! पूर आला तो नंतर, रिकाम्या घरात. लाजेपायी पुराचं नाव पुढं झालं.

याच नदीच्या काठी गाडगेबाबांचं आजोळ. बाबा जन्मले शेंडगावला, 1876 साली. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले, तेव्हा आई सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला बापाकडं आली. तिथं देबुजीनं मामाची गुरं राखली, पूर्णेत पोहणं शिकला, पुढं शेती हाती घेतली. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली अन् मामा त्याच धसक्यानं गेले. सावकार ताबा घ्यायला आला तर देबुजी शेतात आडवा झाला. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यानं बकरं अन् दारू बंद करून गोड जेवण दिलं. 1905 साली त्यानं घर सोडलं. पूर्णाकाठीच ऋणमोचन आहे. नावच पहा कसं! पौषातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. लोक चिखलात घसरायचे, म्हणून बाबांनी घाट बांधला. 20 डिसेंबर 1956 ला बाबांनी देह ठेवला तो वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर. पेढीही पूर्णेलाच मिळते.

आजोबांनी ऋणमोचनच्या यात्रेत बाबांचं कीर्तन ऐकलं होतं. बाबा समोरच्यालाच विचारायचे, कर्ज काढून जेवणं घालता का? आजी म्हणायची, त्या रात्री घरी येऊन आजोबा जेवले नाहीत. पुढं त्यांनी बाबाला, म्हणजे आमच्या वडिलांना, बजावून ठेवलं, की माझ्या तेरवीले कोणाले जेवू घालू नको, भजन कर. वडिलांनी तसंच केलं. भाऊबंद दोन वर्षं बोलले नाहीत. आमची आत्या तर म्हणाली, "बापाले उपाशी वाटेनं लावलं."

आम्ही मात्र थोरल्या पोरीच्या लग्नात सोसायटीचं कर्ज उचलून हजार पानं उठवली. चार वर्षं फेडलं. कीर्तनात कर्जावर बोलताना तेव्हा मान खाली जायची, टाळकऱ्यांना ते दिसत असेल.

घर गेलं तेव्हा वीणा तेवढी गहाणात लिहिली नव्हती. भोपळा दोनदा बदलला, दांडी तीच. आषाढीला दिंडीच्या पुढं असते ती हीच वीणा. कोणाला पाहायची असेल तर मुक्कामावर विणेकऱ्याला सांगा, तो हातात देईल.