ट्रेलरचे टायर : भार, हवा आणि हिशेब

चाकण, रांजणगाव येथील कारखान्यांतून निघालेला निर्यातीचा माल कंटेनरमध्ये बंद होऊन न्हावाशेवाच्या बंदराकडे जातो, तेव्हा त्याला बोर घाट उतरावा लागतो. चाळीस-पंचेचाळीस टनांचे हे धूड ज्या टायरांवर चालते, त्यांतील प्रत्येक टायरचा रस्त्याशी असलेला संपर्क जेमतेम वहीच्या एका पानाएवढा असतो. ब्रेकची पकड, वळणावरचा तोल आणि शेजारून जाणाऱ्या मोटारीची सुरक्षितता एवढ्याशा जागेवर अवलंबून असते. द्रुतगती मार्गाच्या कडेला पडलेल्या रबराच्या पट्ट्या प्रवाशांच्या नित्य पाहण्यात येतात. त्यांपैकी पुष्कळ पट्ट्यांच्या मुळाशी रस्त्यावरचा खिळा नसतो. निवडीत झालेली चूक किंवा हवेकडे झालेले दुर्लक्ष यांचा तो परिणाम असतो.

टायरवरची अक्षरे

प्रत्येक टायरच्या बाजूच्या भिंतीवर त्याची कुंडली कोरलेली असते. ‘१०.०० आर २०’ या खुणेत टायरची रुंदी सुमारे दहा इंच आणि रिमचा व्यास वीस इंच असतो, तर ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणी दाखविते. ‘आर’च्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर तो जुन्या पद्धतीचा, आडव्या-तिरक्या धाग्यांचा बायस टायर समजावा. ‘२९५/८० आर २२.५’ हा ट्यूबलेस टायर होय. त्याची रुंदी २९५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिम साडेबावीस इंची असते. या दोन्ही जातींची रिमे वेगळी असल्याने एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही.

निवडीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे भारांक. ‘१४६/१४३ के’ असे लिहिलेले असल्यास पहिला आकडा एकेरी टायरचा आणि दुसरा जोडटायरचा असतो. १४६ म्हणजे ३००० किलो, १४३ म्हणजे २७२५ किलो. ‘के’ हे अक्षर ताशी ११० किलोमीटर ही वेगमर्यादा सांगते. जोडीतील टायरला कमी भार का, असा प्रश्न साहजिक आहे. दोन टायर शेजारी असले की भार कधीच तंतोतंत सारखा वाटला जात नाही, शिवाय आतल्या टायरला वारा कमी लागतो. म्हणून प्रत्येकाची क्षमता थोडी कमी धरली जाते. ‘१६ पीआर’ ही खूण ताकदीचे जुने मोजमाप आहे. हिशेब करताना मात्र भारांकच पाहावा.

२०१८ नंतर बदललेला हिशेब

केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये आसभाराचे निकष वाढविले. पुढच्या, म्हणजे सुकाणूच्या दोन टायरी आसाची मर्यादा ६ टनांवरून ७ टन झाली. चार टायरी एकेरी आसाची १०.२ टनांवरून ११.५ टन, दुहेरी आसाची १९ वरून २१ टन आणि तिहेरी आसाची २४ वरून २७ टन झाली. दोन आसांचा हॉर्स, म्हणजे पुढचे ओढणारे वाहन, आणि मागे तीन आसांचा ट्रेलर अशी जोडी घेतली तर एकूण मर्यादा ४०.२ टनांवरून ४५.५ टनांवर गेली. तीन आसांच्या हॉर्ससह ती ४९ वरून ५५ टन झाली.

हे आकडे टायरवर उतरवून पाहिले की खरा मुद्दा ध्यानात येतो. जुन्या निकषात पुढच्या आसावर सहा टन, म्हणजे प्रत्येक टायरवर ३००० किलो येत. १४६ भारांकाच्या टायरची क्षमताही नेमकी तेवढीच असल्याने हिशेब अगदी काठोकाठ जुळत असे. नव्या निकषाप्रमाणे सात टन आले तर प्रत्येक टायरवर ३५०० किलो पडतात. येथे १४६ चा टायर अपुरा ठरतो आणि ३२५० किलो क्षमतेचा १४९ चा टायरही पुरत नाही. १५२ भारांकाचा, ३५५० किलो क्षमतेचा टायर लागतो.

हॉर्सच्या मागच्या आसावर ११.५ टन आणि चार टायर, म्हणजे प्रत्येकी २८७५ किलो भार येतो. जोडीतील २७२५ किलोंचा टायर येथेही कमी पडतो. ‘१४९/१४६’ किंवा ‘१५२/१४८’ या टायरांची जोडीतील क्षमता अनुक्रमे ३००० आणि ३१५० किलो असल्याने ते चालतात. ट्रेलरच्या तीन आसांवर मात्र २७ टन बारा टायरांत विभागले जातात आणि प्रत्येकी २२५० किलोच येतात. तेथे ‘१४६/१४३’चा टायर पुरून उरतो. एकाच वाहनावर तीन ठिकाणी तीन वेगळे हिशेब लागू होतात ते असे. ‘सगळीकडे एकच टायर टाका’ हा दुकानातला सल्ला म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. मंद वेगात टायर थोडा अधिक भार सोसतो हे खरे, परंतु ती सवलत कंपनीच्या तक्त्यात असेल तेवढीच धरावी.

जुन्या वाहनांच्या मालकांनी येथे अधिक सावध राहावे. वाहनाला किती भाराची मुभा आहे, हे त्याच्या नोंदणी प्रमाणपत्रावरील आकड्याने ठरते. नवा निकष ऐकून जुन्या टायरांवर जास्त माल चढविणे धोक्याचे तर आहेच, खर्चिकही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे.

भार कोठे बसतो

एकूण वजन मर्यादेत असले म्हणजे प्रत्येक आस मर्यादेत असतो असे नाही. चाळीस फुटी ट्रेलरवर वीस फुटी, पण जड कंटेनर ठेवायचा असेल तर त्याची जागा निर्णायक ठरते. वीस फुटी कंटेनरचे मालासह कमाल वजन ३०.४८ टनांपर्यंत असू शकते. तो पुढे ठेवला तर किंगपिनमार्फत हॉर्सच्या मागच्या आसावर बेसुमार भार येतो. अगदी मागे ठेवला तर ट्रेलरचे आस दबतात आणि हॉर्सच्या चाकांची पकड कमी होते. निर्यातीच्या कंटेनरचे वजन प्रमाणित करून देणे १ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे. तो आकडा वाहतूकदाराने आधीच मागून घ्यावा आणि शक्य तेथे प्रत्येक आसाचे वजन काट्यावर वेगळे करून पाहावे.

हवा : भार पेलणारा खरा घटक

टायरचे रबर भार पेलते, हा समज पुरता खरा नाही. रबर आणि तारा हवेला कोंडून ठेवतात, भार पेलते ती हवा. म्हणूनच भारांकाने दिलेली क्षमता ठरावीक दाबालाच लागू असते. १६ पीआरच्या ‘१०.०० आर २०’ टायरला पूर्ण क्षमतेसाठी सुमारे १२० पौंड हवा लागते. तीत वीस-पंचवीस पौंडांची घट झाली तर टायर तोच दिसतो, पण त्याची क्षमता घटलेली असते.

दाब भाराप्रमाणे ठरतो. वरच्या उदाहरणात ट्रेलरच्या टायरवर २२५० किलोच येत असल्याने तेथे साधारण ९५ पौंड हवा पुरेशी होते. पुढच्या १५२ भारांकाच्या ट्यूबलेस टायरला मात्र १२० पौंडांच्या आसपास लागते. अंतिम आकडा टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यातूनच घ्यावा. ट्रेलर कधी भरलेला तर कधी रिकामा धावत असेल तर नेहमीच्या सर्वाधिक भाराला योग्य अशी हवा ठेवावी. रिकाम्या फेरीत मधला पट्टा थोडा अधिक झिजेल, पण भरलेल्या फेरीत कमी हवेने होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे असते.

कमी हवेचा टायर फिरताना प्रत्येक फेरीत प्रमाणाबाहेर वाकतो. या वाकण्यातून उष्णता निर्माण होते, रबर आणि तारांमधील बंध सुटू लागतो आणि शेवटी पट्टा सोलून निघतो किंवा बाजूची भिंत फाटते. ठरलेल्या दाबापेक्षा वीस टक्के कमी हवेवर धावलेला टायर पंक्चर झालेलाच समजून काढून आतून तपासावा, असा या व्यवसायातील दंडक आहे. ११० पौंड हवी असेल तर ही सीमा ८८ पौंडांवर येते.

गरम टायरची हवा सोडू नये

दाब नेहमी टायर थंड असताना, म्हणजे वाहन काही तास उभे राहिल्यावर मोजावा. सकाळी २५ अंश तापमानाला ११० पौंड भरलेल्या टायरचे तापमान धावताना चाळीस अंशांनी वाढले, तर दाब १२७ पौंडांच्या घरात जातो. ही वाढ स्वाभाविक असून टायरच्या बांधणीत ती गृहीत धरलेली असते. ढाब्यावर थांबून ‘हवा वाढली’ म्हणून ती सोडणारा चालक टायर थंड झाल्यावर कमी हवेवर पुढे निघतो आणि टाळायला गेलेले संकट ओढवून घेतो. उलट, एकच टायर शेजारच्यांपेक्षा फार तापलेला आढळला तर त्याची हवा कमी आहे, ब्रेक चिकटला आहे किंवा बेअरिंग बिघडले आहे, असे समजून शोध घ्यावा.

क्लीनरने लोखंडी सळई मारून आवाजावरून हवा ओळखण्याची पद्धत आजही दिसते. पूर्ण बसलेला टायर तिने सापडतो, पण ११० आणि ८५ पौंडांतील फरक कानाला कळत नाही. त्यासाठी चांगला दाबमापकच हवा. सर्वाधिक दुर्लक्ष होते ते जोडीतील आतल्या टायरकडे. त्याच्या व्हॉल्वपर्यंत हात पोहोचत नाही, म्हणून तो तसाच राहतो. तेथे व्हॉल्वची लांबणी बसवून घ्यावी. जोडीतील एकाची हवा गेली तर दुसऱ्यावर जवळजवळ दुप्पट भार येतो आणि थोड्याच वेळात तोही निकामी होतो. दोहोंची हवा, घेर आणि झीज शक्य तितकी सारखी असावी. एका आसावर रेडियल आणि बायस यांची सरमिसळ करू नये.

नक्षी, वय आणि रिट्रेडिंग

पुढच्या आसाला सरळ उभ्या रेघांची रिब नक्षी योग्य असते, कारण तिच्यामुळे वाहन सरळ चालते आणि सुकाणू हलके राहते. हॉर्सच्या मागच्या आसाला ओढ द्यायची असल्याने जाड ठोकळ्यांची किंवा लग नक्षी लागते. ट्रेलरचे टायर ओढले जातात. बंदराच्या आवारातील आखूड वळणांत तीन आसांचे टायर आडवे घासतात. तेथे उथळ रिब नक्षी अधिक टिकते.

रबर चढविलेला टायर पुढच्या आसावर वापरू नये, कारण तेथे टायर फुटला की सुकाणू हातात राहत नाही. चांगल्या सांगाड्यावर नीट केलेले रिट्रेडिंग ट्रेलरला चालते आणि खर्चही वाचविते. मात्र कमी हवेवर धावलेल्या सांगाड्यावर नवे रबर चढविणे म्हणजे आतली जखम झाकण्यासारखे आहे. टायरवरील चार आकडी खूण निर्मितीची वेळ सांगते. ‘३५२२’ म्हणजे २०२२ चा पस्तिसावा आठवडा. वर्षानुवर्षे उन्हात लटकलेली स्टेपनी न वापरताही जुनी होते, हे ही खूण पाहिल्यावरच कळते.

घाट उतरताना

उतारावर सतत ब्रेक दाबल्यास ड्रम तापतो, त्याची उष्णता रिममध्ये आणि तेथून टायरच्या कडेत शिरते. आधीच कमी हवा असलेला टायर अशा वेळी दोन्ही बाजूंनी भाजला जातो. म्हणून घाटमाथ्यावरच खालचा गिअर घ्यावा, एक्झॉस्ट ब्रेकचा उपयोग करावा आणि पायाचा ब्रेक थांबून-थांबून वापरावा. द्रुतगती मार्गावर मालवाहनांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात ती आणखी कमी असते. वेग वाढला की टायरमधील उष्णताही वाढते, याचे भान सपाट काँक्रीटच्या समृद्धी महामार्गावर तर विशेष ठेवावे लागते.

मोटार चालविणाऱ्यांनीही यातून बोध घ्यावा. ट्रेलरच्या चाकांना समांतर राहून लांबवर गाडी चालवू नये, ओलांडायचे तर चटकन ओलांडावे. मागून जाताना धूर, जळक्या रबराचा वास किंवा फडफडणारा पट्टा दिसला तर अंतर वाढवावे.

अठरा टायरांची हवा मापकाने तपासायला अर्ध्या तासाहून फारसा अधिक वेळ लागत नाही. बंदराची वेळ गाठण्याच्या घाईत वगळला जातो तो नेमका हाच अर्धा तास. तो चालकाला मिळेल अशी फेरीची आखणी करणे ही मालकाची आणि माल पाठविणाऱ्याचीही जबाबदारी आहे.