‘एजंट’ म्हणजे कोण?

माजिवड्याच्या दुकानांतून संध्याकाळी फिरणारी बाई तुम्ही पाहिली असेल. खांद्याला पर्स, हातात छोटं मशीन. भाजीवालीकडून ५० रुपये, शिंप्याकडून १००. ती पिग्मी एजंट. आमच्या गटातल्या दोघी हेच काम करतात. त्यातल्या एकीचं ऑपरेशन झालं. दीड महिना ती घरी होती आणि दीड महिना हातात एक रुपया आला नाही. त्याच पतपेढीत काउंटरवर बसणाऱ्या क्लार्कला आजारपणाची पगारी रजा आहे. हिला उत्तर मिळालं, “तुम्ही स्टाफ नाही, एजंट आहात.” म्हणून आज आम्ही या ‘एजंट’ शब्दाचाच इतिहास सांगणार आहोत.

सुरुवात कर्नाटकातल्या उडुपीची. विणकरांना भांडवल मिळावं म्हणून १९२५ साली तिथे एक बँक निघाली. तीच पुढे सिंडिकेट बँक झाली. १९२८ पासून तिचा माणूस दारोदार जाऊन रोजचे दोन-दोन आणे गोळा करू लागला. हीच पिग्मी. गरिबाची बचत झाली, बँकेला ठेवी मिळाल्या. ऊन-पाऊस मात्र एजंटाच्या वाट्याला आला, तोही कमिशनवर.

१९७२ साली सरकारने महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आणली. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे पैसे घरोघरी जाऊन गोळा करण्याचं काम खास बायकांना मिळालं. कमिशन ४ टक्के. म्हणजे महिन्याला ५०,००० रुपये भरले, तर २,००० सुटतात. रिक्षाभाडं आणि चपलांची झीज त्यातूनच. तरी या कामाने कित्येक घरांत बाईच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला, हेही तितकंच खरं.

दरम्यान पिग्मी एजंटांनी युनियनमार्फत दाद मागितली. बँकांचं म्हणणं होतं, यांना ठरलेली वेळ नाही, दुसरा धंदा करायची मोकळीक आहे, मग हे कामगार कसे? १९८८ मध्ये हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणाने निकाल दिला की हे कामगारच आहेत. महिन्याला किमान ७,५०० रुपये गोळा करणाऱ्याला ७५० रुपयांचं किमान वेतन, शिवाय प्रवासभत्ता आणि नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या कमिशनइतकी ग्रॅच्युइटी द्यावी, असं ठरलं. बँका वर गेल्या. फेब्रुवारी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एजंटांच्या बाजूने कौल दिला. काम बँकेचं, देखरेख बँकेची, तेव्हा कमिशन हे कामाच्या प्रमाणात मिळणारं वेतनच आहे, असं न्यायालय म्हणालं. कायम नोकरदारांची पगारश्रेणी मात्र त्यांना मिळाली नाही. १९८८ पासून मोजलं तरी यात बारा वर्षांहून जास्त काळ गेला.

आयुर्विमा महामंडळाचे एजंटही कमिशनवरच काम करतात, पण त्यांना ग्रॅच्युइटी आहे. २०२३ मध्ये तिची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख झाली. म्हणजे ‘एजंट’ म्हटलं की हात झटकायचे, हा काही निसर्गनियम नाही.

तो निकाल बँकांच्या एजंटांचा होता. आपल्या पतपेढीला तो जसाच्या तसा लागू आहे असं धरून चालू नका. पण त्याने दिलेली कसोटी लक्षात ठेवा. हुद्द्याचं नाव काय, हे नंतर. आधी विचारा, काम कुणाचं, हुकूम कुणाचा, हिशेब कुणाला द्यायचा?

म्हणून नेमणुकीचं पत्र मागून घ्या. रोजच्या भरण्याची पावती आणि दर महिन्याच्या कमिशनचा कागद जपून ठेवा. आणि पतपेढीत झाडू मारणाऱ्या, चहा देणाऱ्या मावशींनाही सांगा, कंत्राटदाराने आणलेल्या बाईलाही २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याचं संरक्षण आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसातली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

ऑपरेशन झालेली आमची ताई पुन्हा फेरीवर निघाली आहे. या वेळी पर्समध्ये कागदांची एक फाइल आहे. उद्या ती दारात आली, तर पैसे देताना पाणीही विचारा. नमस्कार.