सहा व्होल्टची फोर्ड

आपल्यापैकी बहुतेकांच्या डिकीत जंपर केबल असतेच. मिनेसोटाच्या थंडीत कुणाची तरी गाडी बंद पडते, आपण बॉनेट उघडतो, लालला लाल, काळ्याला काळी, की काम झालं. ईडन प्रेरीत पंधरा हिवाळे काढल्यावर या विद्येत मी स्वतःला पारंगत समजू लागलो होतो. वर इंजिनिअरिंगची डॉक्टरेट! (पोट सॉफ्टवेअरवर चालतं, ही गोष्ट वेगळी.)

गेल्या ऑक्टोबरात शेजारच्या आजोबांच्या १९५१च्या फोर्डने मान टाकली. बर्फ पडायच्या आत ती भावाच्या शेडमध्ये न्यायची होती. आजी गेल्यापासून गाडी बाहेर निघालीच नव्हती. मी उत्साहाने माझी टोयोटा जवळजवळ बंपरला बंपर टेकवून उभी केली आणि सवयीने काळा चिमटा फोर्डच्या सांगाड्याला लावायला गेलो. आजोबा "थांब!" म्हणून ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी प्रथमच ऐकला.

ती गाडी ६ व्होल्टची होती. शिवाय तिच्या सांगाड्याला बॅटरीचं ऋण नव्हे, तर धन टोक जोडलेलं होतं. म्हणजे मी उलटी जोडणी करत होतो. बरोबर जोडली असती, तरी दोन्ही सांगाड्यांमध्ये १२ व्होल्टचा फरक राहिला असता, आणि बंपर टेकताच सरळ शॉर्ट सर्किट!

घरी येऊन मी या सहा-बाराचा इतिहास धुंडाळला. चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्यात स्टार्टरला २४ व्होल्ट आणि दिव्यांना ६, अशी सोय होती. पुढे सगळ्यालाच ६ व्होल्ट हा अमेरिकेत रिवाज पडला. शिशाच्या बॅटरीचा एक कप्पा सुमारे २ व्होल्ट देतो, म्हणून तीन कप्पे. लहान इंजिनांना ते पुरत होतं. युद्धानंतर मोठी, जास्त दाबाची व्ही-८ इंजिनं आली आणि ती फिरवताना ६ व्होल्टची दमछाक होऊ लागली. तेवढीच शक्ती १२ व्होल्टवर निम्म्या विद्युतप्रवाहात मिळते, आणि त्याच तारेत वाया जाणारी शक्ती चौथ्या हिश्शावर येते. १९५३ साली कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल १२ व्होल्टवर गेल्या, १९५५ साली शेव्हरोले, १९५६ साली फोर्ड. फोक्सवॅगनची बीटल मात्र अमेरिकेत १९६७च्या मॉडेलपर्यंत रेंगाळली.

रात्री कऱ्हाडला बाबांना फोन केला. ते हसले. "अरे, आपल्या आबांची विलीज जीपसुद्धा सहाचीच होती. आबा ती नेहमी उतारावर लावायचे. नाहीतर हँडल! आणि हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर उलटा झटका बसला की मोडलाच." आमच्या घरातलं हे ज्ञान मला चाळिशीनंतर, शेजाऱ्याच्या गाडीमुळे मिळालं.

जाणकार मंडळी १२ व्होल्टवर जुना स्टार्टर काही सेकंद फिरवतातही. जाड वेटोळ्यांचा तो स्टार्टर तेवढं सोसतो. पण दिवे, रेडिओ, मीटर जळू शकतात, आणि ६ व्होल्टच्या बॅटरीतून हायड्रोजन उसळतो. माझ्या मते दुसऱ्याच्या गाडीवर हा जुगार खेळू नये.

आजोबांचा तोडगा साधा होता. १९७६ साली ईडन प्रेरी सेंटर मॉल उघडला, त्याच्या आधी इथे बरीचशी शेतीच होती, आणि आजोबा त्या शेतीतलेच. भावाकडे जुना फोर्ड ८एन ट्रॅक्टर अजून चालू होता. तोही ६ व्होल्टचा आणि त्याचंही धन टोक सांगाड्याला! शनिवारी भाऊ तो ट्रेलरवर घालून घेऊन आले. माझ्या बारीक केबलकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि अंगठ्याएवढ्या जाड केबल काढल्या. सहाला दुप्पट प्रवाह लागतो, हे शाळेत न शिकलेल्या त्या शेतकऱ्याने मला हातानेच दाखवलं.

दुसऱ्या प्रयत्नाला इंजिन धरलं. आजोबांनी शेजारचं दार उघडून मला बसायची खूण केली. त्या सीटवर आजींची लोकरीची शाल घडी करून ठेवलेली होती. ती त्यांनी उचलून मागच्या सीटवर ठेवली आणि आम्ही निघालो. दिवे पार पिवळे, मिणमिणते. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही शेड गाठली.