दीर : एका शब्दाचे गोत

पाचोऱ्याच्या लग्नघरात नवी सून पतीच्या भावाला हाक मारते ती 'भाऊजी' म्हणून. तिसऱ्याशी त्याच्याविषयी बोलताना मात्र ती 'दीर' म्हणते. हाकेचे शब्द बदलत राहतात, नात्याचे शब्द टिकतात. 'दीर' किती टिकला, हे पाहण्यासाठी आपल्याला खानदेश सोडून स्लाव भाषांच्या प्रदेशात जावे लागते.

रशियनमध्ये पतीचा भाऊ 'द्येवेर', बल्गेरियनमध्ये 'देवेर'. सर्बियात तर लग्नात वधूची पाठराखण करणाऱ्यालाही हेच नाव आहे, आणि तो बहुधा वराचा भाऊच असतो. या रूपांवरून अभ्यासक आदिस्लाविक *देवेरि सिद्ध करतात. अशा रूपावर तारका असते, कारण ते कोणत्याही लेखात सापडलेले नसते, तुलनेने उभे केलेले असते. शेजारी संस्कृत 'देवृ', लिथुएनियन 'दिएवेरिस', होमरचा 'दाएर' आणि लॅटिन 'लेविर' ठेवले की त्याहून जुने *दाइवेर दिसू लागते. गंमत अशी की मूळ 'आइ'चा 'ए' स्लावांनी केला तो स्वतंत्रपणे आणि संस्कृतने केला तोही स्वतंत्रपणे. कानाला भावणारे साम्य म्हणूनच थोडे फसवे आहे.

यास्काच्या निरुक्तात 'देवर' म्हणजे 'दुसरा वर' अशी व्युत्पत्ती येते. विधवेच्या दिराशी होणाऱ्या संबंधाची प्रथा तीमागे उभी आहे, त्यामुळे समाजेतिहासासाठी ती मोलाची. पण शब्दाचे मूळ म्हणून ती या तुलनेपुढे टिकत नाही. 'देवर'चे महाराष्ट्री प्राकृतात 'दिअर' झाले, आणि त्यातून आपला 'दीर' आला. गाथासप्तशतीत हा दिअर वारंवार भेटतो, आणि तो नेहमीच सभ्य नसतो! शेजारच्या गुजरातीत तोच 'दियर' आहे. ग्रियर्सनने 1907 च्या खंडात खानदेशी बोली मराठीबरोबर न ठेवता भिल्ल भाषांबरोबर ठेवली. तो वाद अशा शब्दाने सुटणार नाही, कारण हा वारसा दोन्हीकडचा आहे.

बर्टोल्ड डेलब्रुक याने 1889 मध्ये दाखवले, की सुनेच्या सासरच्या नात्यांना या भाषाकुळात समान शब्द आहेत. जावयाच्या सासरच्या नात्यांना तसे नाहीत. संस्कृत 'श्याल' आणि रशियन 'शूरिन' यांचा संबंध वादग्रस्तच आहे. म्हणजे लग्न होऊन घर बदलत होती ती स्त्री. आम्हांला हा निष्कर्ष बराचसा पटतो, जरी शब्दांच्या अभावावरून समाज रचणे धोक्याचे असले तरी. आसोद्याहून जळगावला सासरी आलेल्या बहिणाबाईंची वाट काही कोसांची. शब्दांची वाट त्याच दिशेची, पण हजारो वर्षांची. दीर असतो तो फक्त स्त्रीला. तिच्या तोंडूनच हा शब्द टिकला.

'इलियड'च्या 24 व्या सर्गात हेक्टरच्या शवापुढे हेलन विलाप करते. सासरी कोण कोण टोचून बोलत असे आणि हेक्टर त्यांना कसा आवरत असे, हे ती सांगते. त्या यादीत दीर आहेत, जावा आहेत, सासू आहे; आणि त्यांची ग्रीक नावे 'देवृ', 'यातृ', 'श्वश्रू' यांची सख्खी भावंडे. नणंदेचे नाव तेवढे जुळत नाही: तिचे ग्रीक नाव रशियनमध्ये 'झोलोव्का'च्या रूपाने जगते, आपली नणंद मात्र 'ननान्दृ'ची लेक.